सुंदरामावशीची बाहुली

आता या वयात मी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी माणसं लिहून देते, असं सांगितलं की आमच्या भजनी मंडळातल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. माझ्या पुतण्याचं पुण्यात छोटंसं ऑफिस आहे. तिथं गोष्टींचे खेळ करतात. खेळणाऱ्यानं पडद्यावरच्या माणसाच्या वतीनं ठरवायचं, खरं बोलायचं की गप्प बसायचं, दार उघडायचं की नाही, आणि तसतशी गोष्ट वळत जाते. मी शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले म्हणून त्यानं एकदा सहज काही संवाद तपासायला दिले आणि मी ते सगळे लाल पेनानं खोडून परत पाठवले. तेव्हापासून तिथं माझी वर्णी लागली. परवा त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, तुमचा व्हिलन एवढा खरा कसा वाटतो?" मी म्हटलं, "सूड घ्यायचा असला की माणूस खरा उभा करावाच लागतो." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. गंमत कसली? हे मी तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकले, सोलापुरात, मिलच्या मागच्या चाळीत, एका चिंध्यांच्या बाहुलीवर.

आमची खोली चाळीच्या मधोमध. पुढं ओटा, मागं चूल, आणि दोन्हींच्या मध्ये आम्ही चौघं. आप्पा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांना कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून ते घरातही ओरडून बोलत आणि आम्हीही ओरडून उत्तरं देत असू. परक्याला वाटावं, या घरात बारा महिने भांडण चालतं. माझी आई मैंदर्गीची. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. ती हिशोब कानडीत करायची, रडायची कानडीत आणि आम्हाला शिव्या मात्र मराठीत द्यायची, कारण त्या आम्हाला कळायला हव्यात. सकाळचा भोंगा व्हायच्या आत तिच्या भाकरीची थपथप सुरू होई. उरलेल्या भाकऱ्या ती उन्हात वाळवून कडक करून ठेवी, आणि त्या मोडून शेंगांच्या चटणीबरोबर आणि कच्च्या तेलाबरोबर खायला मिळाल्या की मला दुसरं काही नको असे. चटणी उखळात कुटायची. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, आणि तेल सुटेपर्यंत दणके. दुपारी चाळीत तोच आवाज आणि त्याच्यावर माझ्या अक्काचं शिलाईचं मशीन. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला, परकर-पोलकी, झबली, उशांचे अभ्रे, जे मिळेल ते शिवायची. तिच्याजवळच्या चिंध्यांचं गाठोडं हीच आमच्या सगळ्या बाहुल्यांची खाण होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चाळीतल्या पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचो. ते सगळीकडेच लावतात, पण आमचं वेगळं होतं, आणि ते एका चुकीमुळं. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत देवाचं लग्न लागतं. तेव्हा संमती कट्ट्यावर आधी संमती नावाचा लग्नाचा पाठ वाचतात आणि मग गर्दीच्या हातांतून ज्वारीच्या अक्षता पडतात. आम्ही पोरी आप्पांच्या खांद्यावरून, कुणाच्या काखेतून ते पाहायचो. वाचलेलं काही ऐकू यायचं नाही. आमची समजूत अशी झाली की तिथं एकेकाला उभं करून विचारतात, बाबा, तुझी या लग्नाला संमती आहे का, आणि सगळे हो म्हणाले की मगच अक्षता. म्हणून आमच्या खेळात प्रत्येक बाहुलीला विचारलं जायचं. नवरीला, नवऱ्याला, सासूला, मामाला, अगदी भटजीलासुद्धा. बाहुली जिच्या हातात, तिनं तिच्या मनातलं बोलायचं, आणि संमतीत खोटं बोलायचं नाही. खोटं बोललेलं कळलं तर अक्षता पडायच्या नाहीत आणि लग्न मोडायचं. त्यामुळं आमची निम्मी लग्नं लागतच नसत. बाया कामं टाकून ओट्यावर बसून ऐकायच्या, कारण आमच्या बाहुल्या त्यांच्याच घरातलं बोलायच्या. अक्काचं जमलेलं खरं लग्न जेव्हा मोडलं, तेव्हा संमती मात्र कुणीच विचारली नव्हती.

ते स्थळ आमच्याच चाळीतलं, टोकाच्या खोलीतलं. सुंदरामावशीचा थोरला मुलगा दत्तू. मुलगा कचेरीत कारकून, साधा, मान खाली घालून जाणारा. सुपारी फुटली होती, अव्वानं मैंदर्गीला कळवून टाकलं होतं, अक्कानं स्वतःच्या हातानं स्वतःची पोलकी शिवायला घेतली होती. आणि एका दुपारी सुंदरामावशीचा निरोप आला की जमायचं नाही. कारण काय ते आमच्याकडं कुणी बोललंच नाही. ते आम्हाला नळावर कळलं. मी घागर लावून उभी होते आणि माझ्या मागं दोघी कुजबुजत होत्या, "दिसायला चांगली हाय गं, पर फिट येती म्हनं." मी वळून पाहिलं तेव्हा त्या पाण्याकडं बघायला लागल्या.

माझ्या अक्काला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. पण नाही म्हणून सांगणार कुणाला आणि कसं? दोन दिवसांत चाळीतल्याच एका पोरानं आमच्या उंबऱ्यावर कांदा आणून ठेवला, फिट आलेल्याच्या नाकाला लावतात ना, तो. अक्कानं तो उचलला, चुलीपाशी नेला आणि भाजीत चिरून टाकला. त्या दिवसापासून ती नळावर गेली नाही. शिवणाची गिऱ्हाइकं कमी झाली, कारण लहान मुलांचे कपडे तिच्याकडं शिवायला बाया कचरायला लागल्या. अव्वा चुलीपुढं बसून "एन माडूदू, एन माडूदू", काय करायचं, काय करायचं, करत राहायची. आप्पा ओरडून विचारायचे, काय झालं, आणि त्यांना ओरडून सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. मला सुंदरामावशीचं वाईट व्हायला हवं होतं. नुसतं वाईट नाही, सगळ्या चाळीच्या देखत, भर दुपारी आणि माझ्या हातानं.

त्यातच मंद्रूपहून एक स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगा शेतीतला, पण शिकलेला. त्यांनी मध्यस्थाकडून कळवलं की आमच्याकडं यायच्या आधी ते चाळीत चौकशी करतील. रीतच तशी होती. चार दारांत पाणी प्यायचं आणि पोरीचं विचारायचं. चाळीनं त्यांना काय सांगितलं असतं, हे आम्हाला पाठ होतं. हे स्थळ हुकलं असतं तर अक्काचं नाव फिटवालीच पडलं असतं, कायमचं. अव्वा कधी नव्हे ती मराठीत रडली.

माझ्याजवळ बाहुल्यांशिवाय काही नव्हतं, म्हणून मी बाहुली केली. काळ्या चिंधीची, काजळानं तोंड रंगवलेली, तांदळाचे दाणे चिकटवून दात काढलेली. केसांना काथ्या. सासूची बाहुली म्हणून मी ती लग्नात उभी केली आणि तिच्या तोंडी सगळं घातलं. "मी खोटी, मी दुष्ट, मी पोरींची लग्नं मोडते, मला लोकांचं बरं बघवत नाही," असं घोगऱ्या आवाजात ओरडले. बाया हसून हसून लोळल्या. आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं, तर सुंदरामावशी! तिनं मला जवळ बोलावून माझ्या हातावर गूळ ठेवला. म्हणाली, "लई झ्याक केलीस गं राक्षसीण. माझ्या सासूवानी दिसतीया की." मी घरी येऊन तो गूळ मोरीत टाकला आणि बाहुलीचे दात एकेक करून उपटले.

ऑफिसातली पोरं अजून हीच चूक करतात. त्यांच्या पहिल्या खेळात एक सावकार होता, डोळे लाल, हसणं गडगडाटी. मी विचारलं, हा जेवतो काय? कुणाला माहीत नव्हतं. याला कुणाची भीती वाटते? तेही माहीत नव्हतं. मग म्हटलं, याला बघून खरा सावकार टाळ्या वाजवील आणि मुलाबाळांना घेऊन खेळत बसेल. राक्षसात कुणी स्वतःला ओळखत नाही.

मी राक्षस टाकून दिला आणि सुंदरामावशीकडं बघायला लागले. खरंखुरं बघायला. आणि मला फार राग आला, कारण ती चांगली बाई होती. चाळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला तिनं शेक दिला होता, मलासुद्धा तिनंच पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं. आप्पांना ताप आला होता तेव्हा ताक घेऊन तीच यायची. ती मिश्री लावताना डोळे मिटायची आणि त्या वेळी कुणी हाक मारलेली तिला चालायची नाही. बोलताना पदराचं टोक कमरेला खोचायची, काढायची, परत खोचायची. तिच्या खोलीत ऊन यायचं नाही, धूर जायचा नाही, आणि तिचा खोकला आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. नवरा दारूत गेलेला. सगळी आशा त्या मान खाली घालणाऱ्या दत्तूवर. हे सगळं मी गोळा केलं ते दया यावी म्हणून नव्हे. मला ती हुबेहूब हवी होती.

तिची मुलगी मंगल माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. स्थळ मोडलं तरी तिचं आमच्याकडं येणं थांबलं नव्हतं. ती येऊन अक्काच्या मशीनजवळ बसायची आणि अक्का तिला टाके शिकवायची, दोघीही त्या विषयावर अवाक्षर न बोलता. मी मंगलकडं तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला. तिनं का म्हणून विचारलं नाही, आणून दिला. हिरवा, बारीक चौकड्यांचा, चाळीत सगळ्यांना ओळखू येणारा. मी बाहुली शिवली, कपाळावर मोठं कुंकू, पदराचं टोक कमरेला. ही काही ओरडणारी बाहुली नव्हती. शिवून झाल्यावर अक्कानं ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हिचा पदर उजव्या अंगाला खोच. ती डावरी हाय." बस, एवढंच.

मंद्रूपचे लोक यायच्या आदल्या रविवारी आम्ही लग्न मांडलं. अव्वानं, मला वाटतं काहीतरी ओळखून, शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. गूळ-दाण्याचं सारण, वरून तूप. पोळ्या म्हटल्यावर सगळी चाळ आली. सुंदरामावशी आमच्याच ओट्यावर भिंतीला टेकून ताट घेऊन बसली होती. शेजारच्या रजियाखालाही आपल्या सुनेला घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या मुठीत ज्वारीच्या अक्षता दिल्या. मी भटजी होते. संमती विचारायचं काम माझं. आणि सासूची बाहुली मी मंगलच्या हातात दिली. मी तिला इतकंच म्हटलं होतं, "तुझी आई म्हनंल तेच म्हन." बाहुली पुढं येताच ओट्यावर कुजबुज झाली. कुणीतरी लुगडं ओळखलं. सुंदरामावशी पोळी मोडता मोडता थांबली.

मी विचारलं, "नवऱ्याच्या आईसायेब, तुमची संमती हाय का?"

मंगल नकला करण्यात पटाईत. तिनं बाहुलीचा पदर काढला, परत खोचला, घसा खाकरला, आणि तोच आवाज. "संमती कशी दिऊ गं बाई? पोरगी चांगली हाय. कामाला वाघ हाय. पर करकंबास्नं सांगावा आलाय. एकुलती एक पोर, ऊस हाय, पानी हाय, ऐसपैस घर हाय. माझा जलम ह्या धुरात गेला, दत्तूचा तरी उजेडात जाऊ दे. आता हितलं मोडायचं तर कारन काय सांगू? ऊस दिसला म्हनून मोडलं, असं म्हनलं तर लोक तोंडात शेण घालतील. फिट म्हनावं. फिट बगाया कोन येतंय? आनि न्हायच आली तर म्हनायचं, औषदानं थांबलीया."

रजियाखाला हळूच म्हणाल्या, "या अल्ला, ये छोकरी क्या बोलरी गे!" सुंदरामावशी ताट बाजूला सारून उठली. "पोरींचा ख्योळ हाय, बायांनो. काय ऐकत बसलाय? चल गं मंगले घरी." मंगल जागची उठली नाही. बाहुली तिनं छातीशी धरली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आई, संमतीत खोटं बोलायचं नसतंय."

मला त्या क्षणी काय वाटलं ते आजही लपवायचं कारण नाही. मला आनंद झाला. उन्हाच्या झळांत बसलेल्या सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या आणि तिला कुठं बघावं कळत नव्हतं, हे मी पोटभर पाहून घेतलं. आणि तेवढ्यानं माझं भागलं नाही. पण पुढचं माझ्या हातात नव्हतंच, कारण अव्वा चुलीपासून उठून बाहेर आली होती. तिच्या हाताला पीठ होतं. इतके दिवस चुलीपुढं कुढत बसलेली माझी आई सुंदरामावशीच्या अगदी समोर उभी राहिली. "सुंदराबाई, बाहुलीला न्हाय इच्यारत. तुमाला इच्यारतीया. माझ्या लेकीला फिट आलेली तुमी कवा बगितली?"

सुंदरामावशीनं पदर खोचला, काढला. मग म्हणाली, "न्हाय बगितली."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"कुनी न्हाय."

"मग जितं जितं तुमी सांगितलं, तितं तितं जाऊन आता ह्ये सांगा. कुंकू-अक्षदा द्यायला जातो तसं, दारोदार. माझी धाकटी इंदू संगं येईल."

मंगलनं त्या दिवशी मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी हातावरचे वळ घेऊन अक्कापाशी टाके शिकायला येऊन बसली. पुढं कित्येक वर्षं मी मनाशी समजत होते की मी तिला खुबीनं बोलायला लावलं. दोन-तीन वर्षांमागं फोनवर तिला तसं म्हटलं तर ती खो खो हसली. "तू बोलायला लावलंस व्हय मला? लुगड्याचा तुकडा कुणी दिला? मी तर वाटच बघत हुते कुणीतरी इच्यारायची." ऑफिसातल्या पोरांना मी हेही सांगते. माणूस खरा घडवलात की तो तुमच्या हातात राहत नाही, आणि राहिला तर समजावं, कुठंतरी खोटं घातलंय.

त्यांच्या हल्लीच्या खेळात शेवटी एक बटण आहे, माफ करण्याचं. ते दाबलं की संगीत वाजतं, सगळे एकमेकांना भेटतात. त्याच्याशेजारी माफ न करण्याचंही बटण असायला हवं, म्हणून मी हटून बसले आहे. पुतण्या म्हणतो, "काकू, लोकांना शेवट गोड आवडतो." त्याला म्हटलं, मग ज्याचं नाव नासलं त्यालाही विचारा एकदा.

दारोदारचं ते जाणं त्याच दुपारी झालं. ऊन असं की ओट्याच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. सुंदरामावशी पुढं, तिच्यामागं मी, माझ्या काखेत ती हिरव्या लुगड्याची बाहुली. चाळीच्या टोकापासून सुरुवात केली. पहिल्याच दारात ती पुटपुटली, "शकूला आता बरं हाय, फिट येत न्हाय." मी म्हटलं, "मावशी, आता न्हाय. कवाच येत नव्हती, असं म्हना." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी पोर पळाली असती. मी उभी राहिले. तिनं परत म्हटलं, नीट. पुढच्या दारात मी तिला "मी खोटं बोलले" हेही म्हणायला लावलं. रजियाखालांनी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं, आणि मला तेही रुचलं नाही. कुणी "जाऊ द्या" म्हणालं, कुणी दार पुढं ओढलं. जिच्या पोरानं कांदा ठेवला होता त्या बाईनं डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा मी तिच्याकडं बघितलंही नाही. मंद्रूपचे लोक दोन दिवसांनी आले, चार दारांत पाणी प्याले आणि अक्का त्या घरी गेली, सुखी झाली, हे सगळं पुढचं. पण मला आठवतं ते मधलं दार, म्हणजे आमचं.

सुंदरामावशी ते ओलांडून पुढं निघाली होती. मी तिच्या पदराला धरून थांबवलं. "जिच्यावर तुमी बोलला हुता, ती हितं हाय." आत मशीन चालू होतं. ते थांबलं. अक्का उंबऱ्याशी आली, गळ्यात टेप, बोटाला दोरा गुंडाळलेला. किती तरी दिवसांनी ती उजेडात उभी होती. लग्न मोडल्यापासून दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या. सुंदरामावशीनं मान वर केली नाही. म्हणाली, "शकू, तुला फिट येत न्हाय गं. कवाच येत नव्हती. मी खोटं बोलले."

मला वाटलं अक्का रडेल. किंवा वाकून मावशीला नमस्कार करेल, ती तशीच होती. अक्कानं बोटाचा दोरा सोडवला, दाताखाली धरून तोडला.

"मला ठावं हाय की, मावशी," ती म्हणाली. "फुडचं दार बगा."